'सेट अबाउट' म्हणजे 'सुरुवात करणे' नव्हे

गेल्या पावसाळ्यात बी. ए. भाग दोनची एक विद्यार्थिनी स्पर्धा परीक्षेची वही घेऊन विभागात आली. अडचण इंग्रजीची होती. परंतु इंग्रजीचे सर त्या दिवशी रजेवर होते, आणि मराठीच्या मॅडमना शब्दांतले काहीतरी कळत असावे असा तिचा समज होता. वहीच्या डाव्या रकान्यात इंग्रजी फ्रेझल व्हर्ब्ज होती, उजव्या रकान्यात मराठी अर्थ. 'सेट अबाउट' : सुरुवात करणे. 'सेट इन' : सुरुवात होणे. 'सेट आउट' : सुरुवात करणे. 'टेक अप' : सुरुवात करणे. 'गेट डाउन टू' : गांभीर्याने सुरुवात करणे. अक्षर सुरेख, समास आखलेला.

"मॅडम, सगळ्यांचा अर्थ एकच हाय, मग पेपरात हेच चार पर्याय देत्यात. त्यातला बरोबर कुठला, ते कसं वळखायचं?"

मी वही पुन्हा पाहिली. प्रश्न बिनतोड होता. पाच निरनिराळ्या क्रियापदांपुढे एकच मराठी शब्द पाचदा लिहिलेला असेल, तर शिकणाऱ्याने ओळखायचे तरी कसे? हे अर्थ तिने एका प्रचलित मार्गदर्शक पुस्तकातून उतरवून घेतले होते. पुस्तकाचे नाव महत्त्वाचे नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक पुस्तकांत हेच सापडते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षांत मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा असतात. राधानगरीसारख्या तालुक्यातल्या मुलामुलींच्या दृष्टीने हा नोकरीचा प्रश्न आहे, हौसेचा नव्हे. तेव्हा हा लेख शब्दार्थांच्या सूक्ष्म भेदांचा कीस काढण्यासाठी लिहिलेला आहे असे कृपया कोणी समजू नये.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की या वहीतली चूक इंग्रजीची नसून मराठीची आहे, आणि तिची जबाबदारी आम्हां मराठीच्या अध्यापकांवर येते. इंग्रजीने आरंभाच्या ज्या छटा क्रियापदाला अव्यय जोडून दाखवल्या, त्यांतल्या बऱ्याच मराठीने क्रियापदाला क्रियापद जोडून दाखवलेल्या आहेत. त्या आपल्या बोलण्यात रोज आहेत. आपण मात्र त्या वर्गात कधी शिकवल्या नाहीत, लेखनातून हळूहळू हद्दपार केल्या, आणि त्यांच्या जागी 'सुरुवात' हा एकच शब्द बसवला.

प्रथम 'सेट अबाउट' पाहू. 'ही सेट अबाउट रिपेअरिंग द वॉल' या वाक्याचे मराठी रूप मार्गदर्शकानुसार 'त्याने भिंत दुरुस्त करण्यास सुरुवात केली' असे होईल. राधानगरीच्या बाजारपेठेतला कोणताही गवंडी हे वाक्य असे म्हणणार नाही. तो म्हणेल, 'भिंत दुरुस्त करायला घेतली.' आता या 'घेणे'ची एक साधी परीक्षा करून पाहावी. 'त्याने भिंत बांधायला घेतली', 'आईने पापड लाटायला घेतले', 'मी प्रबंध लिहायला घेतला' ही सर्व वाक्ये चालतात. परंतु 'पावसाने पडायला घेतले'? 'मुलाने रडायला घेतले'? पहिले अशक्य आहे. दुसरे कोणी म्हटलेच तर मूल नाटक करते आहे असा अर्थ निघेल. म्हणजे 'करायला घेणे' यासाठी कर्ता हवा, त्याला इच्छा हवी, आणि पुढे थोडेफार लांबणारे, टप्प्याटप्प्याने करायचे काम हवे. शिंक 'द्यायला घेता' येत नाही. 'सेट अबाउट'चेही नेमके हेच आहे. इंग्रजीतही पाऊस पडण्याचे काम 'सेट अबाउट' करू शकत नाही. मराठी मुलीला हा नियम पाठ करण्याची गरजच नाही. तो तिच्या जिभेवर आहे. तिला फक्त 'करायला घेणे' हा शब्दप्रयोग हाती द्यायचा होता. आपण दिली 'सुरुवात', जी पावसालाही चालते, रडण्यालाही चालते आणि भिंतीलाही चालते.

गंमत अशी, की 'सेट अबाउट'चा दुसरा, मारहाणीचा अर्थदेखील आमच्याकडे जवळपास त्याच क्रियापदाने येतो. 'दे सेट अबाउट हिम विथ स्टिक्स' याचे मराठी 'त्यांनी त्याला काठ्यांनी झोडायला घेतला'. कोल्हापुरात तर झोडण्याचा उल्लेखही करावा लागत नाही. 'घेतला की त्याला' एवढे म्हटले की काय झाले ते सर्वांना कळते. इथे 'त्याच्यावर हल्ला करण्यास सुरुवात केली' असे लिहिणारा मनुष्य पोलीस पंचनामा लिहीत असला पाहिजे.

'सेट इन'ची कथा याहून रंजक आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत, क्रियापदाला अव्यय जोडून होणारे हे प्रयोग परकीयांना सर्वांत जड जातात असे त्याने नोंदवले आणि उदाहरणे दिली. त्यांत 'सेट इन' आणि 'सेट आउट' दोन्ही आहेत. 'सेट इन'चा अर्थ देताना त्याने नुसता आरंभ सांगितला नाही. आरंभ होऊन पुढे अखंड चालू राहणे असा आशय सांगितला. 'सेट आउट'पुढे प्रवासाला किंवा एखाद्या मार्गाला लागणे असे सांगितले. ('फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा त्या काळी नव्हती, ती १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून रूढ झाली.) पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका कोशकाराने जो भेद इतका स्वच्छ मांडला, तो आमच्या मार्गदर्शकांनी पुसून टाकला.

पाऊस पडायला 'सुरुवात होणे' आणि पाऊस 'लागणे' यांत फरक आहे हे दाजीपूरच्या वाटेवरच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. सरी येतात आणि जातात, तेव्हा पाऊस सुरू होतो आणि थांबतो. पाऊस 'लागला', 'झड लागली' म्हटले की आता चार दिवस उघडीप नाही, वैरण घरात घ्यायची, असा त्याचा अर्थ असतो. हे हुबेहूब 'सेट इन' आहे. आणि एवढ्यावर ते संपत नाही. लाकडाला कीड लागते, घराला गळती लागते, संस्थेला उतरती कळा लागते, म्हाताऱ्या माणसाला घरघर लागते. या सर्व 'लागण्यां'त कर्त्याची इच्छा नाही, जे लागले ते सहसा चांगले नाही, आणि एकदा लागले की लवकर सुटत नाही. इंग्रजीत 'सेट इन'च्या शेजारी जे शब्द येतात ते पाहा: हिवाळा, कुजणे, निराशा, जंतुसंसर्ग. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या दूर असून त्यांचे शेजार इतके सारखे निघावेत, याचे एखाद्या भाषाभ्यासकाला आश्चर्य वाटायला हवे. अर्थात मराठीत सूर लागतो, समाधी लागते, झोपही लागते. तेव्हा 'लागणे' हे 'सेट इन'पेक्षा मोठे आणि अधिक उदार क्रियापद आहे. मोल्सवर्थच्या कोशात 'लागणे'खाली अर्थांची जी लांब रांग आहे ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सांगावे लागणार नाही. दोन्ही वर्तुळे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, आणि कुठे बसत नाहीत हे पाहण्यातच शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

'सेट आउट' म्हणजे निघणे, हे सरळ आहे. परंतु 'सेट आउट टू डू' यातले 'करायला निघणे' अधिक मार्मिक आहे. 'जग सुधारायला निघाला आहे' या वाक्यात हेतू आहे, निश्चय आहे, आणि तो पार पडेलच असे नाही, ही शंकाही आहे. इंग्रजी प्रयोगातही साध्य अनिश्चित असते. याच घराण्यातले 'करायला जाणे' आणखी पुढे जाते आणि अपेक्षाभंगाची खात्रीच देते. 'करायला गेलो गणपती, झाला मारुती' ही म्हण 'करायला सुरुवात केली गणपती' अशी लिहून पाहावी. 'गेट डाउन टू' म्हणजे कामाला लागणे, 'टेक अप' म्हणजे हाती घेणे. त्यांवर वेळ घालवत नाही.

आता आमच्या भागातल्या एका विशेष अडचणीकडे वळते, कारण ती मला रोज भेटते. प्रमाण मराठीत 'मी जेवायला लागलो आहे' म्हणजे जेवणे नुकतेच सुरू झाले. कोल्हापूरकडच्या बोलीत 'मी जेवाय लागलोय' म्हणजे 'मी जेवत आहे'. 'काय कराय लागलाईस?' याचा अर्थ 'काय करतो आहेस?' एवढाच. हेच पुढे आकसून 'करालाईस', 'जेवालोय' होते. आरंभ दाखवणारे क्रियापद झिजून चालू काळ दाखवू लागले आहे. हा भाषेतला एक अत्यंत नैसर्गिक व्यापार आहे. एकदा कामाला लागले म्हणजे माणूस त्या कामात असतोच. पण आमचा विद्यार्थी 'मी अभ्यास कराय लागलोय' याचे इंग्रजी करताना 'आय हॅव स्टार्टेड स्टडिंग' असे लिहितो, आणि मुलाखतीत समोरचा त्याला विचारतो, 'आजपासूनच का?' त्याचे इंग्रजी कच्चे आहे असा शेरा पडतो. प्रत्यक्षात त्याच्या बोलीतील चालू काळ आणि प्रमाण मराठीतील आरंभ यांची गल्लत झालेली असते, आणि ती गल्लत होते हे त्याला आयुष्यात कोणी सांगितलेले नसते. इंग्रजीचा अध्यापक ते सांगू शकत नाही. बोलीचे व्याकरण हा त्याचा विषय नव्हे. तो आमचा विषय आहे. आम्ही काय करतो? 'कराय लागलोय' खाली लाल रेघ मारतो, आणि समासात 'बोलीभाषा टाळा' असे लिहितो. मीही ते वर्षानुवर्षे लिहिले आहे.

याच क्रियापदाचे आणखी एक रूप सांगते. 'जरा करू लाग की मला' असे आई मुलीला म्हणते, तेव्हा ती 'सुरुवात कर' म्हणत नसते. 'हातभार लाव' म्हणत असते. एकाच 'करू लागणे'त आरंभ करणे आणि दुसऱ्याच्या कामात सामील होणे असे दोन्ही अर्थ नांदतात. रोपलावणीच्या दिवसांत 'आम्ही त्यांना लावू लागलो' या वाक्याचा अर्थ संदर्भावाचून ठरत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने या एकाच प्रयोगावर लघुप्रबंध लिहावा इतकी ही सामग्री संपन्न आहे. माझ्या माहितीत आमच्या परिसरात तो कोणी लिहिलेला नाही.

शालेय व्याकरणात हे प्रकरण 'संयुक्त क्रियापद' या मथळ्याखाली येते. 'मुले खेळू लागली' हे त्याचे ठरलेले उदाहरण प्रत्येकाने घोकलेले असते. त्यावर विचारला जाणारा प्रश्नही ठरलेला: क्रियापदाचा प्रकार ओळखा. मुले 'खेळू लागली' आणि मुलांनी 'खेळायला सुरुवात केली' यांत काय बदलले, 'खेळायला घेतले' असे का म्हणता येत नाही, 'डाव मांडला' का म्हणता येते, हे कोणी विचारीत नाही. मराठीत संयुक्त क्रियापद मानावे की न मानावे हा वाद दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून अर्जुनवाडकरांपर्यंत झालेला आहे आणि तो महत्त्वाचा आहे. परंतु त्या वादाचे जे अवशेष वर्गात पोचले ते केवळ नामकरणाचे. प्रकार ओळखता येणारा विद्यार्थी अर्थ ओळखू शकत नाही, ही आमच्या व्याकरण-अध्यापनाची कमाई आहे. आमच्या एका बैठकीत अहवालात 'सुरवात' लिहावे की 'सुरुवात' यावर अर्धा तास चर्चा झाल्याचे मला आठवते. तो शब्द त्या वाक्यात मुळात हवा होता का, यावर एक मिनिटही नाही.

'सुरुवाती'ने हे राज्य मिळवले कसे? माझ्या मते वर्तमानपत्री आणि कार्यालयीन मराठीच्या जोरावर. 'पावसाने दमदार सुरुवात केली' हे वाक्य आता कोणाला खटकत नाही. जणू पाऊस हा सलामीचा फलंदाज आहे. कार्यालयीन मराठीला क्रियापदापेक्षा नाम अधिक प्रिय असते. 'खोदायला घेतले' याचे 'खोदकामास प्रारंभ करण्यात आला' होते. या रूपांतरात नुसता गोडवा गेला असता तर मी तक्रार केली नसती. त्यात कर्ता जातो. 'रस्ता करायला घेतलाय' असे कोणी म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो, 'कुणी?' कारण 'घेतला' या रूपालाच एक 'ने' प्रत्यय लागलेला कर्ता हवा असतो. तो वाक्यात नसला तरी त्याची रिकामी जागा दिसते. 'रस्त्याच्या कामास सुरुवात झाली' या वाक्यात अशी जागाच नाही. काम आपोआप सुरू झाले, आपोआप थांबले, आणि पुढच्या वर्षी आपोआप पुन्हा सुरू होईल.

'शुभारंभ' तर याहून पुढचा. शुभारंभ हा एका दिवसाचा कार्यक्रम आहे. नारळ फुटला, फीत कापली, छायाचित्र निघाले की तो पूर्ण होतो, आणि त्यानंतर काम झाले नाही तरी शुभारंभ झाला हे विधान खरेच राहते. 'करायला घेतले' हे विधान मात्र काम चालू असेपर्यंतच खरे असते. मध्येच सोडले तर 'घेतले होते, पण…' असे कबूल करावे लागते. आमच्या आजूबाजूच्या साखर कारखान्यांचे उदाहरण घ्यावे. तिथे बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ होतो, आणि शेतकरी मात्र विचारतो, 'आमच्याकडं तोड कधी लागणार?' शुभारंभ आणि 'लागणे' यांमधले अंतर त्याला कोशात पाहावे लागत नाही.

राधानगरीत बसून हे लिहीत असताना समोरच्या धरणाचे उदाहरण टाळणे शक्य नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर हे धरण बांधायला घेतले. गावाला कन्या राधाबाईंचे नाव दिले, जलाशयाला राणी लक्ष्मीबाईंचे. संस्थानाच्या मानाने हे काम फार मोठे होते. पैसा अपुरा पडला, काम थांबले. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले तेव्हा धरण अपुरेच होते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि धरण पूर्ण झाले ते त्यानंतर, १९५० च्या दशकात. आता या घटनेचे एका वाक्यात वर्णन कसे करावे? 'शाहू महाराजांनी धरण बांधले' हे भाविक विधान आहे. काटेकोर इतिहासकार त्यावर हरकत घेईल. 'शाहू महाराजांनी धरणाच्या कामास प्रारंभ केला' हे बरोबर आहे, परंतु नारळ फोडून गेलेल्या कोणत्याही पाहुण्याविषयी तेच म्हणता येईल. 'बांधायला घेतले' या दोन शब्दांत संकल्प आहे, अंगावर घेतलेला भार आहे, वर्षानुवर्षे चाललेले काम आहे, आणि ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही याची जागाही मोकळी आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधांत मला हा प्रयोग जवळजवळ कधीच आढळत नाही. 'मुहूर्तमेढ रोवली' मात्र हटकून आढळते.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण त्यांतले बरेचसे स्टाफरूममध्ये ऐकून झाले आहेत. इंग्रजीचे सहकारी म्हणतात, फ्रेझल व्हर्ब शिकायचे तर मातृभाषेचे मध्यस्थ नकोच. विद्यार्थ्याने थेट इंग्रजीत विचार करावा. तत्त्व उदात्त आहे. परंतु ज्या वहीपासून हा लेख निघाला तिच्या उजव्या रकान्यात मराठीच होती. मध्यस्थ आधीच हजर आहे. तो अडाणी असावा की जाणता, एवढेच आपल्या हातात उरते. अठरा वर्षे मराठीत वाढलेल्या मुलीला 'मराठी विसर' असे सांगणे म्हणजे तिच्याजवळ असलेले एकमेव मोजमाप काढून घेणे होय. तिने मराठी विसरली नाहीच. तिने फक्त चांगली मराठी बाजूला ठेवली आणि मार्गदर्शकातली वाईट मराठी स्वीकारली.

या संदर्भात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवते. तिच्यातल्या वाक्यांची आपण पिढ्यान्‌पिढ्या टिंगल केली; 'तर्खडकरी इंग्रजी' हे हिणवण्याचे विशेषण झाले. त्या टिंगलीत तथ्य होते. पण त्या पुस्तकाचा आग्रह पूर्ण वाक्याचा होता. शब्दापुढे शब्द लिहून सुटका नव्हती. वाक्य इकडून तिकडे आणि तिकडून इकडे न्यावे लागे, आणि नेताना मराठी वाक्य मोडले तर ते कानाला कळे. आजच्या मार्गदर्शकांनी तर्खडकरांचे वाक्य टाकले आणि शब्दांची यादी ठेवली. पद्धतीतला नेमका उपयोगी भाग गेला.

दुसरा आक्षेप आमच्याच विभागातून येतो, आणि तो मला अधिक बोचतो. 'करायला घेणे', 'लागणे' ही बोलण्यातली रूपे झाली. प्रौढ लेखनात ती शोभत नाहीत. पदवीच्या विद्यार्थ्याने 'प्रारंभ', 'आरंभ', किमानपक्षी 'सुरुवात' लिहावे. असे म्हणणाऱ्यांनी बखरींचे एखादे पान उघडावे. '-ऊं लागले' याशिवाय तिथे गोष्ट पुढे सरकत नाही. मोल्सवर्थ आणि त्याच्या हाताखालच्या पंडितांनी १८३१ साली, आणि पुढे १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत, जी मराठी नोंदवली ती या असल्या क्रियापदांनी भरलेली आहे. आणि शुद्धतेचाच प्रश्न असेल तर 'सुरू' आणि 'सुरुवात' हे शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आले. मला त्यांच्या जन्माविषयी काहीच म्हणायचे नाही. आलेला पाहुणा घरचाच झाला. परंतु परक्या घरातून आलेल्या नामाला प्रौढ मानायचे आणि घरच्या क्रियापदाला गावंढळ, ही प्रौढी कसली? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आनंदात झालेल्या बहुतेक समारंभांच्या निमंत्रणपत्रिकांवर 'शुभारंभ' होता. तक्रार नाही, पण ज्या भाषेच्या प्राचीनतेचा तो गौरव होता, तिच्या क्रियापदांची चौकशी करण्याची ती एक बरी संधी होती.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मी स्वतःच मांडते. ही जुळणी सर्वत्र होत नाही. इंग्रजीचा खेळ अव्ययांचा, आणि त्यामागे दिशेची व जागेची कल्पना असते. मराठीचा खेळ दुसऱ्या क्रियापदाचा, त्यामागे घेण्यादेण्याची, लागण्यानिघण्याची कल्पना असते. 'सेट अबाउट' म्हणजे नेहमीच 'करायला घेणे' असा नवा समीकरण-तक्ता कोणी छापला तर तोही चारच वर्षांत आजच्या मार्गदर्शकाइतकाच निरुपयोगी ठरेल. विद्यार्थ्याला तक्ता नको आहे. त्याला 'पावसाने पडायला घेतले' हे वाक्य म्हणून पाहण्याची, ते का खटकले याचा शोध घेण्याची, आणि मग इंग्रजी वाक्य त्याच कसोटीवर घासून पाहण्याची सवय हवी आहे. ही सवय लावायला इंग्रजीचे विशेष ज्ञान लागत नाही. माझे इंग्रजी बेताचे आहे, हे मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही.

त्या दिवशी आम्ही दोघी तासभर बसलो. बाहेर पाऊस लागलेलाच होता, आणि चारची एस. टी. अजून आली नव्हती. मी तिला एकही अर्थ सांगितला नाही; तू घरी काय म्हणतेस एवढेच विचारत गेले. 'टेक अप' तिने स्वतःहून 'अंगावर घेणे' असे सांगितले. माझ्या 'हाती घेणे'पेक्षा ते बरे होते. 'सेट इन'ला ती प्रथम 'झड' म्हणाली आणि मग वाकून, थोड्या संकोचाने, 'घरघर'. तिच्या आजोबांचे दुखणे त्या वेळी चालू होते. सगळ्या 'सुरुवाती' तिने रेघ मारून खोडल्या आणि फक्त 'स्टार्ट'समोर एक ठेवली. 'सेट ऑफ'पुढची जागा मात्र तिने अजून कोरी ठेवली आहे. गाडी निघणे, फटाका उडणे आणि एका भांडणातून दुसरे पेटणे, ही तिन्ही एका मराठी क्रियापदात कशी बसवावीत, यावर आमचे एकमत झालेले नाही. ती 'सुटणे' म्हणते. गाडी सुटते हे खरे, आणि बाण सुटतो, पण फटाका?